कप्तानाचं ‘एक नंबर’

कप्तान हे त्याचं खरं नाव नव्हे, चेष्टेत चिकटलेली पदवी. पोटासाठी तो ऑफिसाऑफिसांतून झेरॉक्स मशीनं दुरुस्त करत फिरायचा. त्या कामात फार बोलावं लागत नाही. झाकण उघडायचं, झिजलेला भाग काढून नवा बसवायचा, हात पुसायचे आणि निघायचं. मशीन काही ‘माझं काय चुकलं?’ असं विचारत नाही. माणसांशीही तो असाच वागायला लागला, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

लहानपणी तो आणि त्याची मावसबहीण एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून कॉम्प्युटरवर नदीकाठच्या गावातल्या नावाड्याचा एक गेम खेळायचे. पुढे तो बनवणारी कंपनी बुडाली आणि नव्या कॉम्प्युटरवर गेम चालेना. कप्तानाच्या डोक्यात किडा वळवळला, की आपणच तो नव्याने करायचा. “तू प्रोग्रॅम लिही, गाव मी काढते,” ही मावसबहीण, त्याची ताई, म्हणाली. त्या गेमवर जीव असलेली आणखी चार टाळकी इंटरनेटवरून जमली. औषधाच्या दुकानातला एक गृहस्थ संगीत करायला तयार झाला. कुणालाही दमडी मिळणार नव्हती, सगळा हौसेचा मामला. कप्तानाला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग कामं यायला लागली आणि त्याची पंचाईत झाली. ताईच्या नदीचं पाणी सिमेंट ओतल्यासारखं दिसायचं. औषधवाल्याची चाल रेंगाळायची. पण फुकट राबणाऱ्यांना नावं कुठल्या तोंडाने ठेवायची? म्हणून तो प्रत्येकाला एकच उत्तर धाडायचा, “एक नंबर!” आणि ते काम गुपचूप बाजूला सारून स्वतः नव्याने करायचा. जोडलेला गेम फक्त त्याच्याच कॉम्प्युटरवर होता, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नव्हता.

बायकोच्या मात्र ते नजरेतून सुटलं नाही. “अहो, त्यांना सांगितलंत का हे?”

“वाईट वाटेल गं त्यांना.”

“आणि नंतर कळल्यावर टाळ्या वाजवतील?”

कप्तानाने ते हसण्यावारी नेलं. तेव्हा ऐकलं असतं तर, असं पुढे त्याने हजारदा मनात म्हटलं.

एका रविवारी सकाळी त्याने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर गेम दाखवायला घेतला. ताईने तर सासऱ्यांना आणि कॉलेजातल्या लेकीला शेजारी बसवलं होतं, आपलं गाव दाखवायला. नाव हलली, वळण घेऊन काठाला लागली.

“कप्तान, हा माझा घाट नाही,” ताई म्हणाली.

“अगं, थोडासा हात फिरवलाय.”

“थोडासा? यात माझी एक रेघ दाखव.”

“आणि ही चालही माझी नाही, साहेब,” औषधवाला म्हणाला. मग बाकीचेही आपापलं काम शोधायला लागले. कुणालाच काही सापडलं नाही. ताईच्या सासऱ्यांनी अगदी भोळेपणाने विचारलं, “सूनबाई, मग तू नक्की काय काढलंस?”

ताईचा चेहरा पडद्यावरून गेला. आठवड्याभरात बाकीचेही निघून गेले, भांडण नाही की तंटा नाही. भांडले असते तर बरं, असं कप्तानाला वाटलं. आधी तो चिडला. लोकांच्या नाकाला फारच लवकर मिरच्या झोंबतात, म्हणाला. एकट्याने तडीस नेतो, म्हणाला. पण गेम उघडून बसला की हात चालेना. नदीचं पाणी आता हुबेहूब पाण्यासारखं होतं, आणि ते बघायला शेजारी कुणी नव्हतं.

पुढे मावशी आजारी पडून ताईकडे राहायला आली, तेव्हा तो भेटायला गेला. मावशीचा डोळा लागला होता. ताईने स्वयंपाकघरात चहा टाकला.

“तुझं पाणी मला आवडलं नव्हतं,” तो कसाबसा म्हणाला. “तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मलाही नव्हतं आवडलं,” ताई म्हणाली. “कच्चंच पाठवलं होतं मी. वाटलं, तू फोन करशील, पूर्वीसारखं बसून ठरवू. तुझं ‘एक नंबर’ आलं. मग वाटलं, माझ्याशी बोलायला याला वेळ नाही.”

“परत ये ना, ताई. आता सगळं सांगेन.”

ती उत्तर देणार एवढ्यात लेक आत आली. तिच्या हातात कॉलेजसाठी काढलेलं एका घराचं चित्र होतं. “मामा, बघ ना कसं झालंय!”

चित्रातल्या दाराची चौकट कललेली होती, त्याला लगेच दिसलं. तो तोंड उघडणार तोच ताईने चित्रावर अलगद हात ठेवला.

“मामाला नको दाखवूस,” ती म्हणाली. “तो छानच म्हणतो.”

लेकीने कागद गुंडाळला आणि ती बाहेर निघून गेली.