साडूंच्या ओळखीतले देश

जगातल्या निम्म्या गरीब देशांना आमच्या थोरल्या साडूंच्या हातून काही ना काही मिळालेलं आहे, आणि या गृहस्थांनी स्वतः अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. दिल्लीत सरकारच्या ज्या कचेरीत परदेशांना द्यायच्या मदतीची वाटणी ठरते, तिथं त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते ब्राह्मणपुरीला आपल्या केळीत आणि उसात परतले, पण देश काही सुटले नाहीत. देशांबद्दल ते भावकीबद्दल बोलावं तसं बोलतात. मलावी म्हणजे बिचारा चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या शेतांत अडकलेला, त्याला स्वतःचा गाडीरस्ता नाही. भूतान आपला घरचा. कुठं लष्करानं सत्ता घेतल्याची बातमी आली की त्यांना दिवसभर जेवण गोड लागत नाही, जणू जावई रुसून निघून गेला. पारावर कापसाच्या भावावर बोलणं चाललेलं असतं आणि हे मध्येच विचारतात, मोझांबिकात यंदा पाऊस कसा आहे. आधी लोक हसायचे. आता कुणीतरी शांतपणे सांगून टाकतं, "बरा शे म्हनतस."

वाटप हा त्यांचा खरा नाद. घरची केळी उतरली की ती शेजारीपाजारी द्यायची, एवढं साधं काम. पण साडू आधी घरोघर चौकशी करून येतात. घरात खाणारी तोंडं किती, कुणाला खोकला आहे, मागच्या वेळची वाया गेली का. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणते की यांची चौकशी संपेपर्यंत केळी काळी पडतात. पुतणीच्या लग्नात त्यांनी बासुंदीचं भांडं हातात घेतलं आणि पंगतीच्या शेवटच्या टोकापासून वाढायला सुरुवात केली. मानाच्या पानावर बसलेले नवरदेवाचे मामा रिकाम्या वाटीकडे पाहत राहिले. साडूंचं म्हणणं असं, की पुढं बसणाऱ्याला मागता येतं, लाजणारा माणूस शेवटी बसतो. मामांची समजूत काढायला आम्हा चौघांना जावं लागलं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. सरकार मदत वाटतं तेव्हा आधी शेजारी बघतं, मग कुणाकडं खाण आहे, कुणाकडं बंदर आहे, उद्या कोण आपल्या बाजूनं हात वर करील ते बघतं. गरजही बघतं; पण कागदावर ती पहिल्या ओळीत असते आणि बैठकीत चहाचे कप उचलल्यावर तिची आठवण निघते. साडू याबद्दल कडवट नाहीत. आपण तरी आधी शेजाऱ्यालाच देतो की, असं म्हणतात. फक्त त्या टेबलाशी शेवटच्या पानाची आठवण करून देणारं एक माणूस असावं, एवढाच त्यांचा आग्रह असे.

एके वर्षी आफ्रिकेतल्या एका लहानशा देशानं आपल्या मुलींना नर्सिंग शिकवून द्या अशी मागणी केली. त्या देशाकडं ना खाण, ना बंदर. वरिष्ठांच्या मनात त्यांना एक मोठं सभागृह बांधून द्यायचं होतं. सभागृहावर पाटी लागते, फोटो निघतो. शिकलेल्या मुलीवर पाटी कुठं लावणार, असं कुणीतरी म्हणालं. साडू आयुष्यात आवाज चढवून बोलले नाहीत, तेव्हाही नाही. म्हणाले, "साहेब, पाटी हवीच असेल तर मुलींच्या ॲप्रनवर शिवून देऊ. पण त्यांच्याकडे बाया बाळंतपणात मरताहेत, सभागृह नाही म्हणून नव्हे." मुलींच्या जागा मंजूर झाल्या, आणि साडूंची बदली जावक टपालाच्या खोलीत झाली. तिथं ते निवृत्तीपर्यंत राहिले आणि म्हणे पाकिटांवरची परदेशी नावं वाचण्यात रमले.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलींपैकी एक ब्राह्मणपुरीला आली. आता ती तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकवते. कामासाठी दिल्लीला आली होती; जुन्या कचेरीत विचारत विचारत तिनं साडूंचा पत्ता मिळवला. नंदुरबार स्टेशनवरून तिला मीच गाडीनं आणलं. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. साडू नवा सदरा घालून उभे होते आणि इतके घाबरले होते की त्यांनी तिला दोनदा नमस्कार केला. ती काहीतरी बोलू लागली तेव्हा ताईनं सगळ्यांना बाजूला सारलं. "पोर दमी गयी व्हई. पह्यले तिले जेवू द्या," म्हणाली, आणि भरीत-भाकरीचं ताट तिच्यापुढं ठेवलं.

जेवणानंतर ती इंग्रजीत सांगत होती आणि मी जमेल तसं मराठी करत होतो. तिच्या हाताखालून शिकलेल्या मुली आता दूरदूरच्या गावांत आहेत. तिच्या सख्ख्या बहिणीचं बाळंतपण अवघड झालं, तेव्हा त्यांतलीच एक जवळ होती, बहीण वाचली. बाया डोळे पुसत होत्या. साडूंनी मात्र तिला वेगळंच विचारलं. तुमच्या शेजारच्या देशात, डोंगराकडच्या शाळांमध्ये, दिवे आले का? ती गोंधळली. म्हणाली, सीमेजवळच्या गावांत आलेत, आतलं ठाऊक नाही.

"आतल्या भागासाठीच मागितले होते," साडू हळूच म्हणाले.

तिला पोचवून मी परत आलो तेव्हा ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी विचारलं, ते दिव्यांचं काय होतं? तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलींच्या जागा मंजूर झाल्या, पण त्या वर्षीचा पैसा तेवढाच होता. कुणाचं तरी कापा आणि यांना द्या, असं वरिष्ठांनी त्यांच्यावरच सोपवलं. त्यांनी शेजारच्या देशाच्या शाळांचे सौरदिवे कापले. मी म्हणालो, एवढी माणसं वाचली, याचा आनंद तरी माना. ते मानतात, असं म्हणाले. मग इतक्या वर्षांच्या दिल्लीनंतरही मनातलं बोलताना जी भाषा त्यांच्या तोंडी येते, तिच्यात म्हणाले,

"ज्यासले दिन्हं, त्यासना नावं मी भूली गऊ. ज्यासले नही म्हनं, त्या मातर ध्यानमा शेतस."

रस्त्यानं उसाची गाडी गेली. साडू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि मग केळीचे दोन घड कुणाकडं द्यायचे ते विचारायला आत ताईकडं गेले.