मोडलेल्या शाफ्टांची पूजा

अंबरनाथ एमआयडीसीतल्या श्री. विश्वासराव कडव यांच्या वर्कशॉपच्या फाटकात मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा नोकरी मागायला आलोय की भंगारवाल्याकडे, असा मला प्रश्न पडला. आतल्या भिंतीवर मोडलेले शाफ्ट, दात उडालेले गिअर आणि पिळवटलेले बोल्ट तारेने टांगून ठेवलेले होते. दादांनी (सगळी एमआयडीसी त्यांना दादाच म्हणते) माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटकडे पाहिलेसुद्धा नाही. भिंतीवरचा एक शाफ्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हा का मोडला?"

"मटेरियल हलकं असणार," मी ठोकून दिले.

"सगळे हेच सांगतात. उद्यापासून ये. दुसरं उत्तर सापडेपर्यंत राहा."

दादांच्या साठीनिमित्त हा लेख लिहायला बसलो आणि लक्षात आले, की मी अजून तिथेच आहे.

दादा डिप्लोमा इंजिनिअर. केमिकल कंपन्यांच्या मिक्सरचे शाफ्ट आणि गिअर करून देणे हा त्यांचा धंदा. काही मोडून आले की कोणाच्या हलगर्जीपणामुळे मोडले, हे त्यांनी आजवर कधी आधी विचारलेले नाही. आधी मोड पाहायची, माणसाकडे नंतर. खंडेनवमीला सगळ्याच कारखान्यांत हत्यारांना हळद-कुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात. दादांकडे मात्र पाटावर मधोमध त्या वर्षीचा मोडका पार्ट असतो. एकदा गुरुजी कुरकुरले, मोडके पूजेला चालत नाही म्हणाले. दादांनी हात जोडले. "गुरुजी, वर्षभर आम्हाला शिकवलं यानेच. दक्षिणा तुम्हाला, पण नमस्कार याला." गुरुजींनी मुकाट्याने फूल वाहिले.

ही शिकवण खऱ्या अर्थाने मला कळली ती हरीरामशेठच्या गाडीमुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. हरीरामशेठ उल्हासनगरचे फर्निचरचे व्यापारी, मनाने दिलदार आणि गाड्यांच्या बाबतीत पूर्ण वेडे. त्यांनी एक जुनी दोन सीटची विदेशी स्पोर्ट्स कार मिळवली आणि तिच्यात दुसऱ्या गाडीचे दुपटीहून अधिक ताकदीचे इंजिन बसवून घेतले. विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तिथे ही गाडी पळवायची त्यांची जिद्द होती. अडचण एवढीच, की शेठचे पोट स्टिअरिंगमागे मावत नव्हते. म्हणून चालवायला मी.

दुसरी अडचण मोठी होती. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून निघून लांब प्रॉपेलर शाफ्टने मागे जातो, आणि तिथून दोन एक्सल शाफ्ट चाके फिरवतात. हे सगळे सामान जुन्या, छोट्या इंजिनाच्या मापाचे होते. चामटोलीकडच्या रिकाम्या रस्त्यावर रविवारी सकाळी मी पहिल्यांदा क्लच सोडला, मागून कडाड आवाज आला आणि गाडी जागेवरच बसली. एक्सल तुटला होता. एका शेतकऱ्याने बैल जुंपून आम्हाला ओढत आणले. "इतक्या घोड्यांची गाडी म्हणता, न् आमच्या बैलांच्या मागं चालली," असे तो वाटेत दोनदा म्हणाला. शेठनी दोन्ही वेळा दुसरीकडे पाहिले.

दादांनी जाडजूड नवा एक्सल घडवला आणि त्याला कडक पाणी दिले, म्हणजे तापवून, विझवून पोलाद होईल तेवढे टणक केले. तो खडूसारखा तुटला. दादांनी तो स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगला आणि शेठना सांगितले, "चूक माझी. मी फक्त कडक केला, मजबूत केला नाही."

मग त्यांनी जे केले ते पाहून शेठनी डोक्याला हात लावला. चांगल्या पोलादाचा शाफ्ट घेऊन दादांनी तो मधोमध लेथवर बारीक केला, त्याला कंबर काढली, आणि पाणीही उतरवून मवाळ केले.

"साईं, मैंने मजबूत करने को बोला, आपने तो पतला कर दिया!"

"शेठ, जोर आला की त्याला थोडं पिळायला जागा पाहिजे. ती मध्ये नाही दिली, तर तो टोकाला मोडतो. दोन्ही मोडी बघा, एकाच जागी आहेत."

शाफ्टच्या लांबीवर त्यांनी पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. जोर झेलून शाफ्ट परत सरळ झाला तर रेघ सरळ राहील, कायमचा पिळला तर तिरपी होईल. मी गाडी निर्दयपणे पळवली. परत आल्यावर शाफ्ट काढून पाहिला. रेघ सरळ होती.

पण एक जागा पक्की केली, की मोड पुढच्या जागी जाऊन बसायची. मग मागच्या चाकांमधल्या गिअरचे दात गेले. चामटोलीच्या शेतकऱ्याने त्या दिवशी आमची गाडी दिसताच औताचे बैल सोडून ओढायला तयार ठेवले होते. आम्ही अजून मोडलोही नव्हतो! शेठ वैतागून गाडी विकायला निघाले. दादा म्हणाले, "मोड पळते आहे, शेठ. आपण तिच्या मागे आहोत. आता कसं सोडायचं?" त्यांनी ते गिअर केले आणि नवा प्रॉपेलर शाफ्टही केला.

शर्यतीला गाडी न्यायला टेम्पो फाटकात उभा राहिला, तेव्हा दादा म्हणाले, "थांबा. प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी पट्ट्याचं कडं बसवायचं राहिलंय." वेगात असताना ते टोक सुटून रस्त्यात रुतले, तर गाडी त्याच्यावरून उलटते. शेठ घायकुतीला आले. "दादा, नया शाफ्ट है, आपने खुद बनाया है. टूटेगा कैसे?"

"मी बनवलाय म्हणूनच सांगतो."

"देर हो जाएगी!"

दादांनी टेम्पोची किल्ली काढून खिशात टाकली. माझी पत्नी सुनंदा तेव्हा गरोदर होती, आणि ते दादांना ठाऊक होते. "शाफ्ट मोडला तर मी दुसरा करीन," ते म्हणाले. "हा मोडला, तर सुनंदाला मी काय करून देऊ?"

दादांनी स्वतः वेल्डिंग केले. आम्ही उशिरा पोचलो, सरावाची फेरी हुकली.

शर्यतीत गाडी सुसाट सुटली. वेग पुरा चढला आणि सीटखालून घण पडावेत तसे आवाज सुरू झाले. पुढचा जॉइंट तुटला होता. सुटलेला शाफ्ट कड्यात आपटत होता, पण कड्याने त्याला जमिनीला लागू दिले नाही. गाडी सरळ राहिली. मी ती कशीबशी गवतात थांबवली. शेठ धावत आले, वाकून खाली पाहिले आणि तिथेच मातीत बसले. दादांनी आधी माझी मान डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. मग विचारले, "आधी आवाज आला की झटका?"

परतल्यावर ते स्वतःच्या घरी न जाता माझ्याबरोबर बदलापूरला आले. सुनंदाला त्यांनी काहीही न लपवता सांगितले आणि म्हणाले, "नवरा शर्यत हरला, बाकी जागेवर आहे. पुन्हा गाडीत बसवायचा की नाही, ते तू ठरव."

"का मोडलं ते कळलं का?" तिने विचारले.

"अजून नाही."

"मग कळल्यावर विचारायला या."

दादा हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. इंजिनाखालचे रबर दबल्यामुळे शाफ्ट वाकड्या कोनात फिरत होता, हे त्यांनी शोधून काढले, दुरुस्त केले आणि खरोखर विचारायला आले. सुनंदाने हो म्हटले. पुढच्या वर्षी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. पहिला नंबर दुसऱ्याच गाडीचा आला. आमची मात्र स्वतःच्या चाकांवर टेम्पोत चढली, आणि शेठनी पेढे वाटले.

आज डॉक्टर दादांना विश्रांती घ्या म्हणतात आणि दादा ऐकत नाहीत. शाफ्टला पिळायला जागा ठेवणाऱ्या माणसाने स्वतःलाही थोडी ठेवावी, एवढी तक्रार या गौरवग्रंथात जाहीरपणे नोंदवतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.

ते कडे अजून वर्कशॉपमध्ये आहे. शाफ्टने आतून त्याला खोल चर पाडला आहे. दर खंडेनवमीला ते पाटावर त्या वर्षीच्या मोडक्या पार्टशेजारी असते आणि त्याला हळद-कुंकू लावते माझी मुलगी, जी त्या शर्यतीच्या वेळी जन्मायची होती. चरात बोट नीट घालून लावते. येत्या खंडेनवमीलाही ती येणार आहे. दादा, पाटाजवळ तुम्ही हवेत. यंदा, आणि पुढे तिची मुले लावायला येतील तेव्हाही.