गट बंद होता त्या दुपारी

माझी लेक कॉलेजात शिकवती. म्हंजे शिकवत व्हती. इतिहास. पन कायमची न्हवं, तासावर. जेवढं तास शिकवलं तेवढंच आपलं. मे म्हयन्यात घरी बसायचं आन् जून आला की मोठ्या सरांच्या फोनची वाट बघायची. मोठं सर म्हंजे तिच्या विभागाचं प्रमुख. त्यांनी "या" म्हनलं तर जायाचं. असं करता करता पोरीच्या केसात पांढरं आलं.

आमी मैंदर्गीकडचं. मालक व्हतं तवर दारात मेंढरं व्हती. मालक गेलं, मेंढरं गेली, मी पोरीला घिऊन सोलापुरात आले आन् टॉवेलच्या कारखान्यात दोरं कापाय बसले. कात्रीनं अंगठ्याला घट्टा पडला, तो अजून हाय. त्याचं काय कवतिक न्हाय, सगळ्याच बाया कापत व्हत्या. माझी साळा दुसरीपतुर. लेक शिकली तवा मला वाटलं, चला, हिला तरी शानीसुरती मानसं भेटतील. कारखान्यात मुकादम आईवरनं शिव्या द्यायचा. कॉलेजात तसलं नसंल.

व्हय, तसलं न्हवतं. तिथली तऱ्हा येगळी.

त्यांचा मोबाइलवर एक गट व्हता. अक्कलकोटपासनं करमाळ्यापतुर जेवढी इतिहासाची मास्तरं तेवढी सगळी त्यात, आन् पीएचडी करनारी पोरंपोरी बी. कुना गावात वीरगळ घावली की फोटू टाकायचा, मग हे म्हननार हजार वर्साची, ते म्हननार न्हाय हो, पाचशेची. लेक मला दाखवायची. दगडावरचा मेलेला गडी, त्याच्या वर गाय, त्याच्या वर सर्ग. मला बघाय बरं वाटायचं.

मग निवडनूक आली. वीरगळी राहिल्या बाजूला.

मोठं सर एका बाजूचं. आन् दुसरं एक सर, दुसऱ्या कॉलेजातलं, ते उलट्या बाजूचं. दोगंबी डॉक्टर. पैल्यांदा नुसतं टोमनं व्हतं. मोठ्या सरांनी लिवलं, "आपल्याकडचा मतदार म्हणजे मेंढरं. एक गेलं की सगळी." दुसऱ्या सरांनी लगीच, "सर, आपण हल्ली कोणत्या कुरणात चरता?" लेकीनं वाचून दावलं. मी म्हनलं, "मेंढरं असलं न्हाय करत बाई. गप चरत्यात." तवा हसली ती.

पन ते वाढत गेलं. कुनी कुनाचा पीएचडीचा परबंद उचललेला म्हनलं. कुनी कुनाच्या बायकोला नोकरी कशी लागली ते काडलं. मग मोठ्या सरांनी लेकीला बोलवून घेतलं. "मॅडम, हा अभ्यासाचा गट आहे. मतभेद असावेत, पण सभ्यपणे. तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नाही. अ‍ॅडमिन तुम्ही व्हा, एकट्याच. बाकी सगळ्यांना मी काढतो, मलासुद्धा." अ‍ॅडमिन म्हंजे त्या गटाचा राखनदार. कुनाला बोलू द्यायचं, कुनाला काडायचं, समदं त्याच्या हाती.

तिलाच का? कारन तिला न्हाय म्हनता येत न्हवतं. तासावरची बाई ती. हे मला दुसरी शिकून कळलं, मग त्यांना तर कळलंच आसंल.

लेकीनं लई मन लावून केलं. नेम लिवलं. एकमेकाला आदरनीय म्हनायचं. विषय सोडायचा न्हाय. कुनाचं आईबाप काडायचं न्हाईत. कुनी नेम मोडला तर ती गटात बोलायची न्हाय, त्या मानसाला येगळा फोन करायची, "सर, तेवढी ओळ काढता का?" काई मानसं काडायची. काई म्हनायची, "तुम्ही पर्मनंट झालात का हो मॅडम? मग आम्हाला शिकवा." ती हासून "बरं सर" म्हनायची आन् फोन ठिवला की लगोलग पानी प्यायची. तांब्याच्या तांब्या.

त्या दिवशी तिची परीक्षेवर ड्यूटी व्हती. दुपारची. निघायच्या आदी मोठ्या सरांचा फोन आला. मी हितंच मेथी निवडत बसले व्हते. फोन सपीकरवर, कारन ती साडीला पिना लावत व्हती. सर म्हनले, "तो माणूस परत सुटलाय. गट बंद करा." लेक म्हनली, "सर, मी त्यांच्याशी बोलते आधी." तर म्हनले, "बोलणं नको. बंद करा म्हणतो ना. संध्याकाळी बघू."

तिनं बंद केला. म्हंजे गट राहतो, पन तिच्याबिगर कुनालाच त्यात काय लिवता येत न्हाय. मग ती गेली. परीक्षेच्या खोलीत मास्तरांनाबी मोबाइल न्हेऊ देत न्हाईत, तो आपिसातल्या कपाटात ठिवायचा.

आन् तिकडं दुसऱ्या सरांची आई वारली.

आता ही गोष्ट आमच्याकडं कशी हाय ते सांगते. लगनाला न्हाय गेलं तर चालतंय. मातीला जायाच लागतं. मानूस पुरताना वर मूठभर माती टाकाय कोन आलं आन् कोन न्हाय, हे मानसं मरूस्तवर धेनात ठिवत्यात. त्या सरांच्यात पुरत्यात, आन् दिवस मावळायच्या आत. पैल्यांदा निरोप घिऊन मानूस धाडायची. आता कोन धाडतंय? सरांच्या भाच्यानं सरांच्याच फोनवरनं गटात निरोप लिवला. जाईना. परत लिवला. जाईना. सर मयतापाशी बसल्यालं, ते काय एकेकाला फोन लावत बसतील?

लेक सुटली, कपाटातनं फोन घेतला, तवर माती झाली व्हती. भाऊबंद आन् गल्लीतली मानसं, बास. जल्मभर ज्यांच्यासंगं नोकरी केली त्यातलं एकबी न्हवतं.

तिनं गट उगाडला, तसा भाच्याचा निरोप गेला. पैल्यांदा "भावपूर्ण श्रद्धांजली" आलं, रांगच्या रांग, हात जोडल्यालं. मग कुनीतरी लिवलं, "आज दुपारी गट कोणी बंद केला?" मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. शिवी कुनी दिली न्हाय. समद्यांनी नेम पाळला. "आदरणीय मॅडम, आपल्याला आई आहे का?" असं एकानं लिवलं. "आदरणीय मॅडम, शिस्त महत्त्वाची खरी, पण माणुसकी?" एकमेकाचं तोंड न बघनारी दोनी बाजूची मानसं एक झाली व्हती.

मग मोठ्या सरांचं आलं. लेकीनं मला वाचून दावलं, आवाज न हालवता. "गट कुणाच्या निर्णयाने बंद झाला याची मला कल्पना नव्हती. तरीही विभागप्रमुख म्हणून मी दिलगिरी व्यक्त करतो."

मी म्हनलं, "अगं, मी ऐकलंय की. माज्या म्होरं बोलला तो बाबा. लिव तसं."

"फोनवर बोलले आई. लिहिलेलं काही नाही."

"मी हाय की साक्षीला."

"तू?" म्हनली. मग सवकाश म्हनली, "जूनला फोन त्यांचाच यायचाय."

आमच्याकडं दोन एडकी भिडली तर मधी जात न्हाईत. माजा सासरा एकदा मधी गेला व्हता, मरूस्तवर लंगडत हिंडला. पन ही मधी गेली ती आपल्या पायानं न्हवं, तिला उबं केलं व्हतं.

दोन दिवसांनी आमी भेटाय गेलो. लेक नगं म्हनत व्हती, मीच न्हेली. मातीला न्हाय तर न्हाय, दारात तरी जायाला पायजे. दारातच सरांची मावशी बसलेली, मेलेल्या बाईची धाकटी भन. मला बघून म्हनली, "बर्री, कुंदर्री." मला कानडी येतंय, या बसा म्हनली ती, मी टेकले. तिनं इचारलं, कुटल्या तुमी. मी सांगितलं. मग लेकीकडं बघून मराठीत म्हनली, "हीच का ती? फोनचं दार लावनारी?"

लेकीनं वाकून चपला काडल्या.

आत बगतो तर सतरंजीवर मोठं सर बसल्यालं. दुसऱ्या सरांच्या मांडीला मांडी लावून. पाठीवर हात ठिवल्याला. दुसऱ्या सरांचं डोळं सुजल्यालं. त्यांनी लेकीकडं बघितलं आन् म्हनले, "मॅडम, आईला माती द्यायला माझा एकही सहकारी नव्हता. मला राग नाही. फक्त सांगतोय."

मी मोठ्या सरांच्या तोंडाकडं बघत व्हते. त्यांनाबी ठावं व्हतं मी बगती ते. ते सतरंजीचा दोरा वडत बसलं. माज्या तोंडात शबुद आला व्हता. तेवढ्यात लेकीनं माज्या मनगटाला धरलं, बांगडी रुतंस्तवर, आन् म्हनली, "चूक झाली सर. माझ्याकडून झाली."

मोठं सर वर बगून लई मवाळ बोलले, "असू द्या. त्या अजून शिकतायत."

शिकतायत! केस पांढरं झाल्यालं तिचं.

येताना रिक्षात मी इचारलं, "का धरलंस मला?" म्हनली, "तू बोलली असतीस तर काम गेलं असतं." मी म्हनलं, "आन् आता ऱ्हाईल का?"

जून आला. कॉलेज उगाडलं. गल्लीतल्या पोरी नवी दप्तरं घिऊन जायाय लागल्या. लेक सकाळी आंगूळ करून, साडी नेसून बसायची, फोन पुढ्यात. मी भाकरी करायची. फोन आला न्हाय. मग तिनंच एकदा लावला. मोठं सर म्हनले, "मॅडम, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण विभागातलं वातावरण बघता यंदा थांबू या." तिच्या जागी दुसरी एक पोरगी घेतली.

गटातनं तिला काडलं मातुर न्हाय. राखनदारी तेवढी काडली. "मॅडमच्या सेवेबद्दल धन्यवाद" म्हनून हात जोडल्यालं, फूल ठिवल्यालं. ती अजून वाचती. लिवत काय न्हाय. आता आमच्या बोळातच सातवी-आठवीची पोरं तिच्याकडं शिकवनीला येत्यात, इतिहास सोडून समदं शिकवती.

परवा तांदूळ निवडताना म्हनली, "आई, बघ." निवडनूक परत आलीया, महापालिकेची. मोठ्या सरांनी लिवल्यालं, "आदरणीय सर, आपल्या मताचा आदर राखून नम्रपणे असहमत आहे." आन् दुसऱ्या सरांनी, "आदरणीय सर, आपल्याकडून शिकायला मिळतं."

"चांगलं बोलत्यात की," मी म्हनलं.

"हो," लेक म्हनली. "नियम माझेच आहेत."

तिनं फोन पालथा ठिवला आन् परत खडं येचाय लागली.