पक्कं न्हाय

फळ्यावर गणित लिहिलं की आमच्या मॅडम दुसऱ्या विधानावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे न्हायच असं समजा. आता सांगा, पुरतंय का?" हाताला लागलेला खडू मग साडीला पुसायच्या. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल, शिकवायला लागलं की कशाचं भान नाही.

स्पर्धा परीक्षेच्या क्लासात त्या गणित घ्यायच्या, मी मराठी व्याकरण. दुपारी आम्ही दोघंही एकाच कॉलेजात तासिका तत्त्वावर. कायम होण्याची वाट त्या नऊ वर्षं बघत होत्या, मी सात. दर जूनला प्राचार्य म्हणायचे, यंदा बघू.

त्या गणितांत उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच ओळखायचं. असला उफराटा प्रकार मला कधी पटला नाही. एकदा प्रश्न होता, एका संख्येला सहाने भाग जातो का? पहिलं विधान, तिला तीनने भाग जातो. दुसरं, ती विषम आहे. दुसऱ्यावरून उत्तर 'नाही' येतं, म्हणून पोरांनी ते अपुरं ठरवलं. मॅडम कावल्या.

"विषम म्हंजे दोन हा मूळ अवयवच न्हाय. मग सहानं भाग जाईल कसा? पक्कं न्हाय. आणि उत्तर पक्कं 'न्हाय' हाय एवढं कळलं, तरी माहिती पुरली की. असंल-नसंल म्हणावं लागलं, तरच अपुरी."

त्याच आठवड्यात चंदगडच्या एका शाळेनं त्यांना कायमची जागा देऊ केली. दोन दिवसांत कळवायचं होतं. मी म्हटलं, घाई नको, नऊ वर्षं पाण्यात जातील. आणि कायम करणार का म्हणून प्राचार्य साहेबांना तर मुळीच विचारू नका, विचारलं की बिघडतं. त्यांनी कुठलं ऐकायला! सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि होय की नाही तेवढं सांगा म्हणाल्या. ते नाही म्हणाले.

बाहेर आल्या तेव्हा डोळे भरले होते. जिन्यात बसून पाणी प्यायल्या आणि तिथूनच चंदगडला फोन लावला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, हेवा वाटला.

क्लासात आता नवीन सर आहेत. शिकवतात बरं.

परवा मॅडमचा फोन आला. शाळेचं, पोरांचं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमी साहेबास्नी इचारलासा का?"

मी म्हटलं, तिकडं पाऊस फार असतो म्हणतात, खरं का?

मग म्हणाल्या, "हाय की सर. लई हाय."