डब्यातलं चक्र

समजा, चुन्याची भट्टी तुम्हालाच लावायची आहे. खाली लाकडं, त्यावर पांढरे दगड, पुन्हा लाकडं, पुन्हा दगड. आग आतपर्यंत पोचली की दगड हलका होतो, पण आकार सोडत नाही. पाणी लागलं की मात्र फसफसून त्याचं पीठ होतं. दमट हवाही पुरते.

तेरणा नदीकाठच्या एका गावात अंबादास हे काम करी. ग्रामपंचायतीची कचेरी बांधायची होती आणि दगड गावाबाहेरच्या जुन्या टेकाडातून येत होता. एक दिवस टिकावाखाली त्याच पांढऱ्या दगडाची तळहाताएवढी चकती निघाली. माती पुसली, तर चक्र! अंबादासनं ते कपाळाला लावलं. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. घरातला देवाचा कोनाडा रिकामा होता.

"कोनाड्यात ठिवा की," बायको महानंदा म्हणाली.

"घरात ठिवलं तर आपलंच ऱ्हाईल. पंचायतीत ठिवलं तर समद्या गावाचं व्हईल. आपला बुद्ध नागपुरावरनं आणलेला न्हाय, हितलाच हाय, हे दिसू दे लोकांस्नी."

"दिसायला लोकांनी बघाया तर पायजे!"

सरपंच गुरुलिंगअप्पांनी चकती उलटसुलट पाहिली. "झ्याक हाय रे! गावाची वस्तू, गाव जपंल." त्यांनी ठरावही केला, आणि चकती तात्पुरती बांधकामाच्या खोलीत ठेवली. पुढं साहेब पाहणीला येणार म्हणून खोली झाडली गेली. कोपऱ्यातले दगड भट्टीच्या ढिगात गेले. टोपल्या भट्टीत रिचवल्या त्या अंबादासनंच.

भट्टी निवल्यावर राखेत चक्र सापडलं. अख्खं. एकेक आरा जागेवर, वजन तेवढं निम्मं.

त्यानं ते अप्पांपुढं धरलं. अप्पांची मान वर होईना. "चुकलं रे. आता घरीच ने."

"अप्पा, तुमी ठराव केला न्हवं?"

"ठराव दगडाचा होता, अंबादास. ह्यो तर चुना झाला."

महानंदानं तुपाचा डबा घासूनपुसून, उन्हात वाळवून दिला. चक्र कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यात ठेवलं आणि अंबादासनं झाकणाच्या कडेनं मेण ओतलं. डबा कोनाड्यात आहे. कचेरीच्या भिंती पांढऱ्याशुभ्र दिसतात. तिकडून जाताना तो खाली बघत जातो.

घरी येणारे विचारतात, आत काय हाय? तो सांगतो. दाखव म्हटलं, की डब्यावर हात ठेवून तोच विचारतो, "उघडलं तर हवा लागंल. न उघडता कसं कळावं, आत चक्रच हाय का पीठ झालंय?"