शेरेबुकात लिहिलेली ओळ

मला इंग्रजीची भीती वाटते. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण मी इंग्रजीच शिकवते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. शिक्षक दोनच, एक मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, आणि एक मी. व्हरांड्यात उभं राहिलं की आंबागडचा किल्ला दिसतो. गावाचं नाव मात्र नाही सांगत. चूक माझी होती, गावाला कशाला मध्ये ओढू?

मी सगळं शिकले मराठीत. इंग्रजी आली ती पाठांतरानं, मारानं. आणि भाषा तरी कशी! आठवड्याच्या एका वाराच्या पोटात एक डी नुसता बसवून ठेवलाय. शंकेला जो शब्द आहे त्यात एक बी आहे, तोही मुका. बोलायचंच नाही तर लिहायचं कायले बाप्पा? फुकटचा पगार खाणारी अक्षरं नुसती! पण त्या मुक्या अक्षरांनीच माझी झोप उडवली होती.

म्हणून रोज संध्याकाळी, भात शिजेपर्यंत, मी दुसऱ्या दिवशीचा धडा घेऊन बसायची. अवघड शब्द फोनला विचारायचा, आणि पुस्तकात त्या शब्दाच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहायचा. ते पुस्तक मी टेबलावर कधी उघडं ठेवलं नाही. दारात कुणाची सावली जरी आली तरी आधी पुस्तक मिटायचं, मग नमस्कार करायचा.

वेड्यासारखी भीत नव्हते मी. व्हिडिओ पाहिले होते. कुठल्यातरी शाळेत कुणी साहेब शिरतो, मॅडमला फळ्यावर स्पेलिंग लिहायला लावतो, मॅडम चुकते, आणि सगळं जग हसतं. असाच एक व्हिडिओ घरी जेवताना लागला. घरचे हसले. मीही हसले.

मागच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी संपत आली होती तेव्हा, किल्ल्याचा धडा आला. चित्र पाहताच पोट्टे ओरडले, "मॅडम, हा तर आपला गड!" मीही खुशीत आले आणि ठणकावून वाचलं, "कॅस्टल." टी लिहिलाय, तर टी बोलणारच. या शब्दाची मला शंकाच आली नाही, म्हणून फोनला विचारलाही नव्हता.

पुढच्या ओळीत बसणारी एक मुलगी होती, चौथीतली. तिची आई रोवणीला जायची आणि मोबाईल पोरीजवळ ठेवून जायची. तिनं हात वर केला.

"मॅडम, मोबाईलात तर 'कासल' म्हणते. टी बोलतच नाही त्याच्यात. काहून?"

"मोबाईल शिकवून राहिला का तुले, का मी?" माझा आवाज असा चढला की बाजूच्या वर्गातून मोठे सर डोकावले. "बस खाली. लय शहाणी झाली."

ती बसली. त्यानंतर तिनं हात वर केला नाही.

त्याच संध्याकाळी मी फोनला विचारलं. कासल. पुन्हा विचारलं. कासल. तिसऱ्यांदाही तेच. पोरगी बरोबर होती. उद्या सांगू, असं मी ठरवलं. तो उद्या गेला, परवाही गेला. कामं आडवी आली असं म्हणू शकले असते, पण खोटं कशाला बोलू? भीती आडवी आली. आज एक शब्द चुकला म्हटलं, तर उद्या पोट्टे प्रत्येक शब्दाला "नक्की ना मॅडम?" विचारतील, ही भीती.

आठ-दहा दिवसांनी, काही न कळवता, वरून तपासणीला एक साहेब आले. हातात मोबाईल, आणि त्यात व्हिडिओ सुरूच. "घ्या मॅडम, इंग्रजी घ्या," म्हणाले. माझं पेन्सिलीचं पुस्तक माझ्या हातातच होतं, ते मी छातीशी धरून उभी राहिले. देवा, एवढं पुस्तक मागू नको म्हणावं यांना!

त्यांनी नाही मागितलं. समोरच्या त्याच मुलीचं पुस्तक उचललं, चाळलं, चित्र आवडलं म्हणून किल्ल्याचा धडा काढला आणि तिलाच वाचायला सांगितलं. ती छान वाचत गेली. त्या शब्दाशी आली आणि थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"कॅस्टल," तिनं वाचलं.

साहेब खो-खो हसले. "कॅस्टल? हे कोणी शिकवलं?" आणि मोबाईल माझ्याकडे वळला.

तेवढ्यात ती म्हणाली, "कोणीच नाही जी. मॅडमनं कासलच सांगतलं होतं. माह्याच ध्यानात नाही राहिलं."

मोबाईल पुन्हा तिच्याकडे गेला. आणि मला हायसं वाटलं. लाज नंतर आली, आधी हायसं वाटलं. ते मला आजही टोचतं.

जाताना साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की अध्यापन समाधानकारक आहे, आणि तिचं नाव घालून पुढं लिहिलं की हिचं वाचन कच्चं आहे, लक्ष द्यावं. खाली मोठ्या सरांनी सही केली. मीही केली. गाडी गेली.

मधल्या सुट्टीत ती हापशीवर खिचडीची थाळी धूत होती. मला पाहून ओल्या हातांनीच धावत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी तुमचं नाव नाही घेतलं ना?"

मला तिथं उभं राहवेना. तशीच ऑफिसात गेले आणि शेरेबुक ओढलं.

"काय करून राहिल्या मॅडम?" मोठे सर घाबरले. "साहेबाच्या शेऱ्याखाली कोणी लिहिते का? नोटीस येईल, नोटीस!"

मला का ते माहीत नव्हतं? तरी लिहिलं: "या मुलीनं जे वाचलं ते मीच शिकवलं होतं. तिनं मला बरोबर उच्चार सांगितला होता. मी तिला गप्प बसवलं." खाली सही केली. अक्षर माझं वाटतच नव्हतं.

मग तिला बोलावलं आणि वाचायला लावलं. वाकडंतिकडं अक्षर असूनही ती कुठंही अडली नाही. वाचून झाल्यावर तिनं शेरेबुक माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, आता ते तुमाले रागावतील."

"रागावू दे."

"तुमाले भेव नाही लागत त्या साहेबाचं?"

"लागते ना," मी म्हटलं. "तुले नाही लागलं?"

तिनं मान हलवली. "त्याइचं नाही," ती म्हणाली. "मले तुमचंच लागते."