तपकिरी बशीतल्या नळ्या

माझे थोरले साडू आयुष्यात एकदाच चुकीचे ठरले, आणि तेही माझ्यामुळे, हे आधीच कबूल करतो.

एरवी हा माणूस जगाकडे बुळबुळीत आहे की नाही, एवढ्याच नजरेने पाहतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक कोपरा त्यांच्याकडेच आहे, कारण त्यांना हलवायचं धाडस कुणात नाही. कुणाकडे गेले की आधी माठात बोट घालतात. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बाटल्या घासायचा ब्रश भेट दिला. जंतू सुटे फिरत नाहीत, चिकट थर करून त्याखाली वस्ती करतात, मग औषध त्या छपरावरूनच घसरून जातं, हे ते इतक्या जिव्हाळ्याने सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्याच सोसायटीची आठवण यावी. मी एका लहान हॉस्पिटलात व्यवस्थापक आहे. तिथे एका नातेवाइकाला भेटायला आले, तर माणूस राहिला बाजूला, हे त्याच्या लघवीच्या नळीकडे कौतुकाने बघत बसले. "थर बसतो तो इथेच," असं त्यालाच सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मागितला.

हा थर स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सोडवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. हळद, दालचिनी, लसूण सगळं झालं. मेहुणीच्या मसाल्याच्या डब्यात मोहरीच काय ती उरली. शेवटी लवंगेची पाळी आली.

एका रविवारी त्यांना जेवायला न्यायला मी प्रयोगशाळेत गेलो. साडू गच्चीवर, पाण्याच्या टाकीत डोकावत होते. टेबलावर काचेच्या बशीत, तपकिरी पाण्यात नळीचे तुकडे पडले होते, अंगावर चिकट साय. मला वाटलं, कुणीतरी उरलेल्या चहात भिजत घातलेत. हॉस्पिटलात राहून घाण दिसली की माझा हात थांबत नाही. हातमोजे चढवून ब्रशने लख्ख घासले. मग बशीवरची 'लवंग' ही चिठ्ठी दिसली. घाबरून तुकडे परत काढ्यात टाकले आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी साडू पेढे घेऊन आमच्या दारात. दुसऱ्या बशीत, साध्या पाण्यात ठेवलेले तुकडे तसेच बुळबुळीत, लवंगेतले आरशासारखे! ते आमच्या हॉलमध्ये चक्क नाचले. शनिवारी आमच्याच डॉक्टरांपुढे बोलायचं ठरलं. घरी मसालेभात झाला, मला लवंग गिळवेना.

शुक्रवारी ते भाषणाची तालीम करायला माझ्या केबिनमध्ये आले. ज्याने विद्यार्थ्यांना 'डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा' म्हणून जन्मभर रडवलं, तो माणूस उद्या माझ्या ब्रशचं यश लवंगेच्या नावावर सांगणार होता. मी सगळं सांगून टाकलं.

साडूंनी बराच वेळ चष्मा पुसला. "अहो, घासायच्याच होत्या तर दोन्ही बशा घासायच्यात. मला संशय तरी आला असता."

मग माझ्याच टेबलावरचा फोन उचलून त्यांनी मोठ्या डॉक्टरांना कळवलं, की भाषण रद्द, आपल्याच हलगर्जीपणाने प्रयोग फसला. माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवून, सोमवारी पुन्हा सुरुवात करू म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी तोच फोन पुन्हा लावला आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. मग साडूंकडे वळलो.

"नळ्या घासल्या ते अज्ञानाने. पण तुम्ही इतके आनंदात होतात आणि मी पेढा खाऊन गप्प बसलो, त्याची माफी मागतो."